टीपॉय कशासाठी असतो

आमच्या बैठकीत मधोमध काय ठेवावं यावर घरात महिनाभर खल चालला होता, आणि ज्यांच्यासाठी तो चालला होता त्या रखमाजींना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. वकिलाचं घर आमचं. उलटतपासणी सगळ्यांना यायची, साधं विचारणं कुणालाच नाही.

रखमाजी मूळचे वाटूरचे. फार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, त्यांचा बांधाचा दावा चालवला होता. दावा हरले आणि दोस्ती झाली. दावा हरवणाऱ्या वकिलाकडे पक्षकार चहाला येतो, असं निजामाच्या साऱ्या मुलखात दुसरं उदाहरण नसेल. आधी बाजाराला आले की यायचे. पुढे शेती मच्छिंद्राच्या, म्हणजे मुलाच्या, हवाली करून बायकोसह जालन्यातच आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, आणि मग रोज दुपार कलली की आमच्या ओसरीवर त्यांची काठी वाजायची. मामंजींनी तोवर वकिली सोडली होती. दोघं गादीवर सोंगट्यांचा पट मांडायचे आणि दिवेलागणीपर्यंत एकमेकांवर लबाडीचे आरोप करायचे.

चहा मधेच व्हायचा. आता आमच्या घरातल्या चहाचं शास्त्र सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही सगळे पितळेच्या पेल्यातून चहा प्यायचो. चिनी माती सासूबाईंच्या सोवळ्यात बसत नव्हती. माती एकदा उष्टी झाली की कायमची उष्टी, असं त्यांचं म्हणणं. माझ्या माहेरी औरंगाबादेत कपबश्या सर्रास चालायच्या, पण माहेरच्या गोष्टी सासरी सांगायच्या नसतात. तर आमच्या घरात चिनी मातीचा एकच कप होता, निळ्या काठाचा, आणि तो रखमाजींचा होता. बाहेरच्या माणसाला बाहेरचा कप. तो ओसरीच्या भिंतीत, पायऱ्यांच्या वरच्या कोनाड्यात असायचा. रखमाजी आले की हात वर करून स्वतः कप काढायचे. मी वरून चहा ओतायची. चहा झाला की ते तीन पायऱ्या उतरून अंगणातल्या दगडी डोणीवर कप विसळायचे आणि पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. याची कुणाला लाज नव्हती आणि नवलही नव्हतं. घराला उंबरा असतो तसा तो कप होता.

त्या साली संक्रांतीनंतर कधीतरी चहा उचलताना रखमाजींचा हात थरथरला. निम्मा चहा गादीच्या पांढऱ्या चादरीवर गेला, निम्मा पटावर.

"हरायला लागले की डाव मोडायचा. जुनी खोड," मामंजी हसत म्हणाले.

रखमाजी हसले नाहीत. "हात आताशा ऐकंना झालाय वकीलसाब," एवढंच म्हणाले, आणि कप घेऊन अंगणात गेले. आम्ही चादर काढण्याच्या गडबडीत होतो. ते तिकडूनच परस्पर निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. मग आलेच नाहीत.

मामंजी काही दिवस सोंगट्या एकटेच मांडायचे. दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळायचे आणि हरले की कवड्यांवर चिडायचे. मग पट मांडायचंही सोडलं. ज्या माणसानं जन्मात ताटात शीत टाकलं नव्हतं तो अर्ध्या भाकरीवर उठायला लागला. दुपारी काठी वाजल्याचा भास होऊन दाराकडे बघायचे आणि आपण बघितलं हे कुणाला दिसलं का, म्हणून पुन्हा इकडेतिकडे बघायचे. मला त्यांची खरोखर धास्ती वाटायला लागली. म्हातारं माणूस असं गप्प झालं की फार दिवस निघत नाहीत, हे मी माझ्या आजोबांच्या वेळी बघितलं होतं.

माझे यजमान गिरिधर रखमाजींच्या घरी जाऊन आले. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, आता खुशाल घेते. दारात दुर्गाबाई, रखमाजींच्या बायको, उभ्या होत्या. "गुडघे धरलेत त्यांचे," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं का येतील. तुमी कायला तरास घेता?"

यावरून गिरिधरांनी निदान केलं. गिरिधर तहसीलीत अहलकार, म्हणजे कारकून, होते, आणि अहलकाराला कागद न बघताही सगळं कळतं. "कप जमिनीवर ठेवतो आपण," ते म्हणाले. "त्यांची कंबर वाकत न्हाई. वाकले की हात कापतो. त्यांना शरम वाटली. बैठकीत मधोमध उंच असं काहीतरी पाहिजे. हैद्राबादला आमच्या साहेबांकडे हाय ना, टीपॉय."

"ते कशासाठी असतं?" सासूबाईंनी विचारलं.

"चहा ठेवायला."

"चहा प्यायला असतो. ठेवायला कशाला?"

तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. साहेबलोक एवढं लाकूड खर्चून चहा ठेवतात कशाला? पिऊन का टाकत नाहीत?

सासूबाईंनी बजावलं, की बाहेरून काही आणायच्या आधी घरातलं बघा. घरात काय कमी वस्तू आहेत? झालं. तेव्हापासून आमच्या घरातली एकेक वस्तू बैठकीत येऊन परीक्षा द्यायला लागली.

पाट आणला तर तो जमिनीपेक्षा दोन बोटं वर. शिवाय पाटावर माणूस बसतो नाहीतर देव, चहा कसा बसेल? चौरंगाची उंची अगदी बेताची होती. मी खूश झाले, तर सासूबाई दोन्ही हात पसरून आडव्या आल्या. "ह्याच्यावर सत्यनारायण बसतो. उष्टा पेला ठेवलास त्याच्यावर, तर देवाला कुठं बसवू?" मग मामंजींचं लिहायचं उतरतं मेज काढलं. पेला त्यावर ठेवला तो पक्षकारासारखा हळूहळू खाली सरकत आला आणि शेवटी गिरिधरांच्या धोतरावर निकाली निघाला. पाण्याच्या घागरीची तिवई आणली, तिला मधे भोक. लोखंडी पेटी आणली, तर नेमकं तिच्यातलंच लुगडं सासूबाईंना सारखं लागायचं. घडवंची इतकी उंच, की तिच्यापलीकडे बसलेले मामंजी दिसेनात, नुसती पगडी दिसायची.

मामंजी हे सगळं बघायचे. घडवंचीच्या दिवशी तर थोडं हसलेही. मला तेवढ्यानंही हुरूप आला.

एकदा पुरुषमंडळी बाहेर गेल्यावर मी बैठकीचं दार लोटलं आणि सरळ गादीवर जाऊन बसले. लोडाला टेकून, रखमाजींच्या जागी. समोर पेटी, पेटीवर पाण्यानं भरलेला पेला. डोळे मिटून मी म्हातारी, नव्हे म्हातारा झाले आणि थरथरता हात पुढे केला.

"काय करून राह्यलीस?" दारात सासूबाई.

मी ताडकन उठले. सून बैठकीच्या गादीवर लोडाला टेकून बसलेली त्यांनी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. आता काय ऐकायला मिळतं म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी पेटीकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं.

"असा न्हाई कापत त्यांचा हात," त्या म्हणाल्या. "उजवा कापतो, मंग डाव्यानं उजव्याचं मनगट धरतात. सरक तिकडं."

आणि पदर खोचून त्या स्वतः गादीवर बसल्या. मी बघतच राहिले. रखमाजींसमोर त्या कधी आल्या नव्हत्या, बोलणं तर लांबच. पण माजघराच्या दाराआडून त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. गुडघा कसा धरतात, पेल्याकडे आधी नजर कशी टाकतात, मग श्वास कसा घेतात, सगळं. त्यांनी पेला उचलला. पाणी सांडलं.

"पेटी कामाची न्हाई. जरा बुटकं पाहिजे आणि जरा जवळ," त्या म्हणाल्या. मग लोडाला पाठ टेकवून त्यांनी चहूकडे नजर फिरवली. "इथून रस्ता दिसतो की गं सगळा."

तेव्हापासून आम्ही दोघी त्या कामात भागीदार झालो. मला हे सगळं मोठं मजेचं वाटायला लागलं होतं. आपल्याच घरातली वस्तू किती उंच, किती रुंद, हे मी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

शेवटी टीपॉयच आला. टेसनातला कुणी रेल्वेचा साहेब बदलून गेला, त्याच्या सामानाच्या लिलावातून गिरिधर तो डोक्यावर घेऊन आले. चार पाय, वर चकचकीत फळी. पण साहेब खुर्चीत बसायचा आणि आम्ही गादीवर. टीपॉय समोर ठेवला तर फळी थेट हनुवटीशी आली. रखमाजींना चहा पिण्याऐवजी चाटावा लागला असता. सुतार बोलावून पाय कापले. मग तो डुगडुगायला लागला. एका पायाखाली मामंजींच्या एका जुन्या वकालतनाम्याची घडी घातली, तेव्हा कुठे स्थिर झाला. "हा कागद पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडला," मामंजी म्हणाले. कित्येक दिवसांनी ते आपणहून काही बोलले होते.

त्याच दुपारी गिरिधर निरोप घेऊन गेले, की बैठकीत टीपॉय आणलाय, आता कंबर वाकवायचं काम नाही. मामंजी पट मांडून बसले. अंगावर धुतलेला सदरा घातला होता.

गिरिधर एकटेच परत आले. रखमाजी दारापर्यंत आले होते म्हणे. "टीपॉय बेस्ट हाय म्हना," ते म्हणाले होते, "पर माजं येनं आता व्हत न्हाई. वकीलसाबाला सांगा, राग मानू नका." मामंजींनी सोंगट्या एकेक करून पिशवीत भरल्या आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रात्री जेवले नाहीत. मला रखमाजींचा असा राग आला, की त्यांच्या दारात जाऊन भांडून यावं.

दुसऱ्या दिवशी मामंजी आणि गिरिधर देवळात गेल्यावर मी आणि सासूबाई त्या टीपॉयकडे बघत बसलो. उंची बरोबर. अंतर बरोबर. मग चुकलं कुठं?

"आपण सगळं करून बघितलं का?" मी विचारलं. "चहा पिऊन झाल्यावर ते काय करतात?"

"मंग उठतात की."

"उठून बघा."

सासूबाई हातात पेला घेऊन उठल्या. एक हात भिंतीला धरून ओसरीवर आल्या. त्यांचेही गुडघे काही धड नव्हते. पहिल्या पायरीवर थांबल्या, दुसरीवर "आई गं" म्हणाल्या. भिंत तिथं संपत होती आणि पेल्यामुळे दुसरा हात अडकलेला. डोणीशी वाकून त्यांनी पेला विसळला, वाकल्यावर कंबरेवर हात ठेवून कितीतरी वेळ तशाच राहिल्या. मग पुन्हा तीन पायऱ्या चढल्या आणि पेला पालथा घालायला कोनाड्याकडे हात वर केला.

हात वरच राहिला. "सुहासिनी," त्या म्हणाल्या, "हितं कप कुठाय?"

कोनाडा रिकामा होता. धूळ होती, आणि धुळीत कपाच्या तोंडाएवढी गोल जागा स्वच्छ. ती जागाही आता पुसट व्हायला लागली होती. त्या कोनाड्याकडे बघायची रखमाजींशिवाय कुणाला गरजच नव्हती, म्हणून महिनाभर कुणी बघितलंच नव्हतं.

मी डोणीपाशी धावले. डोणीच्या मागं पुदिन्याचा वाफा होता. पुदिना एका कोपऱ्यात सुकला होता आणि तिथली माती उकरून थापल्यासारखी दिसत होती. बोटांनी उकरली तर निळा काठ वर आला. कपाचे सगळे तुकडे तिथं होते, लहान लहान टिकल्यासुद्धा, एकावर एक रचलेले. त्या कापणाऱ्या हातानं दगडावरची एकेक टिकली कशी वेचली असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला रडू फुटलं. आम्ही आत चादर बदलत होतो तेव्हा हा माणूस इथं वाकून, चोरासारखा, आपल्या कपाला माती देत होता. आणि आम्ही महिनाभर लाकूड मोजत बसलो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

मामंजी आले तेव्हा सासूबाईंनी पदरातले तुकडे टीपॉयवर ओतले. सांगावं काहीच लागलं नाही. मामंजींनी एक तुकडा उचलला आणि बोटात फिरवत राहिले.

"मला सांगायचं न्हाई का त्यानं?" ते म्हणाले. "माझ्या घरातला कप फुटला म्हणून रखमाजी तोंड चुकवून राह्यला? माझ्याकडनं?"

"त्यात काय एवढं?" गिरिधर म्हणाले. "मोंढ्याच्या बाजारातून आत्ता नवा कप आणतो. जल्दीच आणतो."

"मंग तो कोण धुणार?" सासूबाईंनी विचारलं.

मामंजी काठी घेऊन उठले आणि अनवाणीच बाहेर पडले. इतक्या वर्षांत रखमाजीच यायचे, मामंजी त्यांच्या दारी कधी गेले नव्हते.

सासूबाई चुलीपाशी आल्या. मांडणीवरून त्यांनी पितळेचे दोन पेले काढले, अगदी सारखे, मामंजींच्या रोजच्या वापरातल्या जोडीतले. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"बघतीस काय? पितळेला राख लावली का शुद्ध होतं. मातीचं तसं न्हाई," त्या म्हणाल्या. हे शास्त्र त्यांना इतकी वर्षं ठाऊक होतंच. कधी गप्प बसावं हे मलाही थोडंफार कळतं.

थोड्या वेळानं ओसरीवर दोन काठ्या वाजल्या. रखमाजी वाळले होते. पायऱ्या चढून आल्यावर सवयीनं त्यांचा हात कोनाड्याकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला.

"म्या दुसरा घेऊन येनार व्हतो वकीलसाब," ते खाली बघत म्हणाले. "पर हात हा असा. त्यो बी फुटला अस्ता. किती कप फोडू तुमच्या घरचे?"

"बसा आता," मामंजी म्हणाले. "महिनाभर डाव अडलाय."

ते बसले. टीपॉयला त्यांनी एक बोट लावून बघितलं, पायाखालचा कागदही वाकून बघितला. मी दोन पेले आणून ठेवले. आपल्यापुढचा पेला बघून रखमाजींनी मामंजींच्या पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, सासूबाईंनी करून दाखवलं होतं अगदी तसं, आणि पेला उचलला. दोन थेंब फळीवर पडले. कुणी बघितले नाहीत.

डाव चालू झाला. मामंजींनी पहिल्याच दानाला लबाडी केली आणि रखमाजींनी ती पकडली. मला इतकं बरं वाटलं, की दाराशी उभी राहून मी सगळा आरडाओरडा ऐकत राहिले.

चहा संपला तसा रखमाजींनी एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्यात पेला घेतला आणि उठायला लागले. इतक्या वर्षांची सवय. मामंजी कवड्या खुळखुळवत होते, त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी पुढे होणार एवढ्यात माजघराचं दार उघडलं आणि सासूबाई बैठकीत आल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. रखमाजी अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांनी सासूबाईंना एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितलं असेल.

"ठेवा ते तिथं," सासूबाई म्हणाल्या. "टीपॉय कशाला आणलाय?"

रखमाजी एकदा पेल्याकडे आणि एकदा अंगणातल्या डोणीकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला टीपॉयवर ठेवला, दोन्ही हातांनी, हळूच.

"बरं वैनी," ते म्हणाले आणि पुन्हा खाली बसले.